चष्म्याच्या घरातल्या अकरा गोळ्या

मंगळवारी दुपारी बाबांचा चष्मा पुसावा म्हणून चष्म्याचं घर उघडलं, तर आत त्यांच्या पार्किन्सनच्या गोळ्या. मोजल्या, अकरा भरल्या. रविवारच्या चार, सोमवारच्या चार आणि मंगळवारच्या सातची, अकराची, तीनची अशा तीन. यातली प्रत्येक गोळी मी माझ्या हातानं त्यांच्या तळहातावर ठेवली होती, पाण्याचा पेला दिला होता आणि वळून कामाला लागले होते.

दोन दिवस ते रात्री कुशीवर वळायलासुद्धा हाक मारत होते. सोमवारी बाथरूमच्या उंबऱ्यापाशी पाय फरशीला चिकटल्यासारखे झाले, दहा मिनिटं तिथेच उभे. मला वाटलं, पोट साफ नाही म्हणून गोळी लागू पडत नसेल. विचारलं तेव्हा त्यांनी गुपचूप मोबाइल पुढे केला. साताऱ्याच्या आत्यानं पाठवलेला मेसेज होता. वर तिनं लिहिलं होतं, 'दादा, जणू तुझ्यासाठीच आलाय.'

तोच मेसेज पुढच्या दोन दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर आणि बाबांच्या पर्वती चढणाऱ्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवरही आला. म्हणून हे लिहिते आहे. मेसेजमध्ये सहा मुद्दे आहेत. एक, पार्किन्सन हा मेंदूचा आजार नाही, नुसता वात आहे, आणि तो मुळापासून बरा होतो. दोन, इंग्रजी गोळ्या जहर आहेत, पाच वर्षांत निकामी होतात. तीन, त्या आजच बंद करा आणि कवचबीज चूर्ण एक चमचा सकाळ-संध्याकाळ दुधातून ४५ दिवस घ्या. चार, डाळ, दूध, अंडी कायमची सोडा. पाच, हात थरथरत नसेल तर पार्किन्सन नाहीच. सहा, व्यायाम करू नका, नसा थकतात. खाली 'अनुभवी वैद्य' म्हणून एक मोबाइल नंबर.

तिसऱ्या मुद्द्यात चूर्ण दुधातून घ्यायला सांगितलंय आणि चौथ्यात दूध सोडायला. लिहिणाऱ्यानं स्वतःचा मेसेजही दुसऱ्यांदा वाचलेला नाही. पण माझा संताप तिसऱ्या मुद्द्यातल्या एका शब्दावर आहे. 'आजच.'

गोळ्या सापडल्या तेव्हा मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'ताप आहे का?' दुसरा, 'अंग लाकडासारखं कडक झालंय का? असंबद्ध बोलतायत का?' तापाचा आणि पार्किन्सनचा काय संबंध, हे मला सहा वर्षं हा आजार घरात असूनही माहीत नव्हतं. संबंध असा आहे की लेव्होडोपा, म्हणजे बाबांच्या गोळ्यांतलं मुख्य औषध, एकदम थांबवली तर काही रुग्णांना तीव्र ताप चढतो, स्नायू ताठरतात, शुद्ध हरपू लागते, नाडी आणि रक्तदाब वरखाली होतात. ताठरलेले स्नायू विरघळू लागले की त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो. याला पार्किन्सनिझम-हायपरपायरेक्सिया म्हणतात, आणि यात माणूस दगावू शकतो. सगळ्यांनाच होतं असं नाही. बाबांना ताप नव्हता. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी गोळ्या कशा पुन्हा सुरू करायच्या ते सांगितलं आणि रात्रभर दर दोन तासांनी ताप बघायला लावला. तो थर्मामीटर हातात धरून मी जागी होते, तेव्हा हा मेसेज लिहिणारा माणूस शांत झोपला असणार.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा. दुसऱ्या कशासाठीही दवाखान्यात भरती व्हावं लागलं, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं, तरी या गोळ्यांच्या वेळा तिथल्या सिस्टरांना आणि डॉक्टरांना आधी सांगा. गोळी चुकणार असेल तर काय करायचं ते त्यांच्याकडून ठरवून घ्या.

आता कवचबीजाकडे येते, कारण इथे मेसेजमध्ये थोडं खरं आहे आणि ते मला मान्य करावंच लागेल. कवचबीज म्हणजे आपली खाजकुइली. पावसाळ्यानंतर सह्याद्रीत कुठेही हिंडा, कुंपणावर तिच्या तपकिरी लवेच्या शेंगा लोंबताना दिसतात. हात लागला की दिवसभर खाज. त्या शेंगेतल्या बियांत खरोखर लेव्होडोपा असते. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी ती त्या बियांतून वेगळी काढून दाखवली होती. आयुर्वेदात कंपवातासाठी, म्हणजे पार्किन्सनसारख्या आजारासाठी, हे बी वापरलं जातं, त्यात भोंदूपणा काही नाही. लंडनमध्ये ८ रुग्णांवर झालेला एक छोटा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात चूर्णाचा गुण गोळीपेक्षा लवकर आला आणि जास्त वेळ टिकला. मात्र तिथे ३० ग्रॅमची मोजून दिलेली मात्रा होती, 'एक चमचा' नव्हे.

म्हणजे ज्या औषधाला दुसऱ्या मुद्द्यात जहर म्हटलं, तेच औषध तिसऱ्या मुद्द्यात अमृत म्हणून विकलंय. रेणू एकच. फरक मोजमापाचा आणि सोबत्याचा. बाबांच्या गोळीत १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि २५ मिलिग्रॅम कार्बिडोपा असते. लेव्होडोपा मेंदूत पोचून तिचं डोपामिन व्हायला हवं. डोपामिन म्हणजे हालचालींसाठी मेंदूला लागणारं रसायन, या आजारात तेच कमी पडतं. नुसती घेतली तर बराचसा भाग वाटेतच, शरीरात इतरत्र, डोपामिन होऊन बसतो. मळमळ होते, उलट्या होतात आणि मेंदूच्या वाट्याला थोडंच उरतं. कार्बिडोपा ही वाटेतली नासाडी थांबवते. तिच्यामुळे लेव्होडोपा कितीतरी कमी लागते. चूर्णात कार्बिडोपा नसते. बियांत लेव्होडोपा साधारण ४ ते ६ टक्के धरतात, पण बी कुठलं, किती जुनं, भाजलंय की उकडलंय यावर ते बदलतं. रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेल्या पुडीतल्या एका चमच्यात किती मिलिग्रॅम आहे, हे कुणीच सांगू शकत नाही. कमी असेल तर माणूस जखडतो. आणि बऱ्याच घरांत होतं तसं, गोळ्या चालू ठेवून वर चूर्ण घेतलं, तर हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात, भास होतात, उभं राहिलं की रक्तदाब पडून तोल जातो.

ज्या संशोधकांनी याचा गंभीरपणे विचार केला, त्यांना गोळी न परवडणाऱ्या देशांतल्या गरीब रुग्णांसाठी पर्याय हवा होता. त्यांचा १६ आठवड्यांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. १४ रुग्ण होते. त्यातल्या ७ जणांनी चूर्ण अर्ध्यावर सोडलं, चौघांनी पोटाच्या त्रासामुळे आणि तिघांनी हालचाल खालावत गेल्यामुळे. आपल्याकडे ही गोळी औषधाच्या दुकानात काही रुपयांना मिळते. कवचबीज घ्यायचंच असेल तर वैद्यांना आणि न्यूरॉलॉजिस्टना एकमेकांची चिठ्ठी दाखवून घ्या, लपवून घेऊ नका.

मी त्या नंबरवर फोन केला होता. पलीकडच्या गृहस्थांनी बाबांचं वय विचारलं आणि पिनकोड विचारला. सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे विचारलं नाही.

'पाच वर्षांत गोळ्या निकामी होतात' हे वाक्य मी डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्येही ऐकलंय, चांगल्या शिकलेल्या लोकांकडून. त्यापायी कितीतरी जण गोळी सुरूच करत नाहीत, 'नंतरसाठी राखून ठेवतो' म्हणतात. यावर माझ्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा घानाचा आहे. २०१४ साली 'ब्रेन' या वैद्यकीय नियतकालिकात घानातल्या ९१ रुग्णांची इटलीतल्या रुग्णांशी केलेली तुलना छापून आली. घानात औषध सहज मिळत नव्हतं, त्यामुळे तिथे लेव्होडोपा आजार सुरू झाल्यापासून सरासरी चार वर्षांहून जास्त काळानं सुरू झाली. इटलीत अडीच वर्षांच्या आत. गोळी घेत गेल्यानंच तिचा असर झिजत असता, तर घानातल्या लोकांना चढउतारांचा त्रास तेवढाच उशिरा व्हायला हवा होता. तसं झालं नाही. गोळीचा असर मध्येच ओसरणं आणि नको त्या हालचाली होणं, हे दोन्हीकडे आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर सुरू झालं. म्हणजे घड्याळ आजाराचं चालतं, गोळीचं नाही. घानातल्या लोकांनी गोळी वाचवली नाही, चांगली वर्षं जखडून काढली. तरुण वयात आजार झाला असेल तर डॉक्टर कधी आधी दुसरी औषधं देतात, मात्रा जपून वाढवतात. तो त्यांचा हिशेब आहे, मेसेजचा नाही.

मग गोळीचा असर आखडतो कसा? पुण्यात राहणाऱ्याला हे चटकन कळेल. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळ येतं, पण गच्चीवरची टाकी मोठी असली तर नळ दिवसभर चालू राहतो. मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी म्हणजे ती टाकी. सुरुवातीला त्या गोळीतून आलेलं साठवून दिवसभर पुरवतात. पेशी कमी होत जातात तशी टाकी लहान होते, आणि मग पाणी आलं तर नळ चालू, गेलं की बंद. रुग्ण ज्याला 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणतात ते हेच. बाबांच्या गोळ्या तीनवरून चार झाल्या, वेळा जवळ आल्या, त्या यासाठी. दोन गोळ्यांमधल्या वेळा सांभाळणं हाच या आजाराचा अर्धा उपचार आहे.

आहाराच्या मुद्द्यातही एक कण खरा आहे. प्रथिनं पचून झालेली अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच दारानं आत जातात, त्यामुळे वरणभाताबरोबर गोळी घेतली तर ती मागे पडते. यावर उपाय म्हणजे गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर तासाभरानं, आणि दूध घातलेल्या चहाबरोबर नाही. एवढंच. डाळ, दूध, अंडी सोडायला लावणं म्हणजे आधीच वजन उतरणाऱ्या माणसाला आणखी खंगवणं आहे.

'थरथर नाही म्हणजे पार्किन्सन नाही' यानं आमचं एक वर्ष गेलं. बाबांचा हात थरथरत नव्हता. चालताना उजवा हात हलायचा थांबला होता आणि खांदा दुखत होता. वर्षभर फ्रोझन शोल्डर म्हणून शेक आणि व्यायाम चालले. बाबा ड्राफ्ट्समन होते, त्यांचं अक्षर छापल्यासारखं. ते ओळीच्या शेवटाकडे मुंगीएवढं होत गेलं, बँकेत सही जुळेना. हिंगाच्या फोडणीचा वास त्यांना त्याच्याही आधीपासून येत नव्हता. बऱ्याच रुग्णांत थरथर नसते, आणि थरथरणारा प्रत्येक हात पार्किन्सनचा नसतो. आजार मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. मेंदूत इलेक्ट्रोड बसवायची शस्त्रक्रियाही निवडक रुग्णांची लक्षणं कमी करते, आजार घालवत नाही.

आणि व्यायाम करू नका? हे वाचून बाबा तीन दिवस खुर्चीत बसून राहिले. याच शहरात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर, आणि व्यायामाचा विषय निघाल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. ऋषिकेश पवार यांनी पुण्यात शुभार्थींसाठी नृत्याचे वर्ग चालवले. चालताना अडणारे पाय ठेक्यावर पडतात, कारण ताल बाहेरून मिळाला की मेंदूला तो आतून तयार करावा लागत नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या दारात फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या पाच आडव्या रेघा मारल्यात. पाय अडले की बाबा 'एक-दोन, एक-दोन' म्हणत रेघ ओलांडतात, आणि जातात पुढे. बुधवारी संध्याकाळी, गोळ्या पुन्हा लागू पडल्यावर, चहाचा कप स्वतः ओट्यापर्यंत नेऊन ठेवला.

आत्याशी रात्री बोलले. ती रडली. तिचा हेतू चांगलाच होता, मी तिला रागावले नाही. म्हणाली, 'मग मी ग्रुपवर पाठवू तरी काय?' मी आमच्या फ्रिजवरची यादी वाचून दाखवली. पार्किन्सनच्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाहीत अशी औषधं: उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, ॲसिडिटीच्या काही गोळ्यांत मिसळलेलं लेव्होसल्पिराइड, चक्कर आणि अर्धशिशीसाठी सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, भास होतात म्हणून दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल. ही औषधं डोपामिनचीच वाट अडवतात. आजार असलेल्याचा वाढवतात, नसलेल्यालाही तशी लक्षणं आणू शकतात, आणि यातली काही घरोघरी डब्यात पडलेली असतात.

तिनं ती वहीत उतरवून घेतली, एकेक अक्षर विचारत. मग म्हणाली, 'सिनारिझिन तर मी घेते गं, दोन वर्षं झाली.' मी म्हटलं, आत्या, उद्या तुझ्या डॉक्टरांना दाखव, आणि तोवर मनानं बंद करू नकोस.