मोटारींच्या गॅसबत्त्या मिणमिणत्या नव्हत्या: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

पितळी दिव्यांच्या एका जुन्या मोटारीचे छायाचित्र आणि त्याखाली सात-आठ ओळींचा मजकूर असलेला संदेश सध्या एका गटातून दुसऱ्या गटात फिरतो आहे. त्याचा आशय असा: शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोटारींना गॅसचे दिवे असत, हा गॅस पेट्रोलच्या टाकीतूनच नळीने आणलेला असे, प्रकाश मेणबत्तीइतका असल्यामुळे गाडीपुढे कंदील घेऊन माणूस चालवावा लागे, गाडीने जरा वेग घेतला की वाऱ्याने ज्योत विझे, पेट्रोलशेजारी उघडी ज्योत म्हणजे चालता बॉम्बच, त्यामुळे स्फोट नित्याचे होते, आणि १९१२ साली विजेचे दिवे येताच हे दिवे एका रात्रीत नाहीसे झाले. यांतले स्फोटांविषयीचे विधान अर्धे खरे आहे, त्याकडे पुढे येतो. दिवे गॅसचे असत एवढे खरे, पण बाकीची विधाने चुकीची आहेत, आणि त्यांच्यामुळे एका विचारपूर्वक घडवलेल्या वस्तूची विनाकारण टिंगल होते आहे.

पहिली चूक इंधनाची आहे आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघाल्या आहेत. त्या दिव्यांत जळणारा वायू पेट्रोलची वाफ नव्हता आणि आजचा स्वयंपाकाचा गॅसही नव्हता. तो ॲसिटिलीन होता, आणि कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर पाणी पडले की तो तयार होई. कार्बाइड हा शब्द आपल्याकडे आंब्यांमुळे बदनाम आहे. आंब्यांत ठेवलेल्या कार्बाइडच्या पुड्या ओलाव्याने हाच वायू सोडतात, आणि फळे पिकवण्यासाठी त्यांचा वापर करायला बंदी आहे. कार्बाइडला येणारा लसणासारखा उग्र दर्प पुष्कळांच्या ओळखीचा असेल. तो शुद्ध ॲसिटिलीनचा नसून कार्बाइडमधील अशुद्ध द्रव्यांमुळे मिसळणाऱ्या फॉस्फीनसारख्या वायूंचा असतो. १८९२ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामध्ये, स्प्रे या गावी, टॉमस विल्सन यांना ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याच्या खटपटीत विजेच्या भट्टीतून हा पदार्थ अनपेक्षितपणे मिळाला. फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तेथवर पोहोचले होते. त्यानंतर कार्बाइड पोत्याच्या भावाने मिळू लागले आणि सायकली, घोडागाड्या व मोटारी यांच्या दिव्यांना नवे इंधन सापडले.

मोटारीत हा वायू तयार करणारे पितळी भांडे बहुधा फुटबोर्डावर बसवलेले असे. त्याच्या वरच्या कप्प्यात पाणी आणि खालच्या कप्प्यात कार्बाइडचे खडे असत, आणि दोहोंच्या मध्ये एक सुईसारखी झडप असे. झडप किंचित उघडली की थेंबाथेंबाने पाणी खाली पडे, वायू सुटे आणि रबरी नळ्यांतून पुढच्या दिव्यांपर्यंत जाई. या रचनेतली खुबी अशी की वायू गरजेपेक्षा जास्त साचला तर त्याचाच दाब पाण्याला मागे रेटी आणि थेंब पडणे मंदावे. दिव्यांनी वायू खाल्ला की दाब उतरे आणि पाणी पुन्हा झिरपू लागे. चालकाने लक्ष न देता पुरवठा बेताबेताने चालू राहावा यासाठी एवढी सोपी युक्ती पुरेशी होती. तिचा दोषही सांगितला पाहिजे. झडप बंद केली तरी आधी भिजलेले खडे काही वेळ वायू सोडतच राहत. मुक्कामी पोहोचल्यावर भांडे उघडून आतला ओला चुना खरवडून काढावा लागे (रसायन म्हणून पाहिले तर पानाला लावतो तोच चुना, पण या गाळाला तोंड लावण्याची कोणाला इच्छा झाली नसती). युरोप-अमेरिकेच्या थंडीत पाणी गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल मिसळत. वायूबरोबर आलेल्या पाण्याच्या वाफेचे नळीत थंड होऊन पाणी बने आणि ज्योत उड्या मारू लागे, म्हणून नळीच्या सर्वांत खालच्या भागी पाणी सोडून देण्याची सोय ठेवत. गॅसबत्ती कटकटीची होती हे मान्य करायला मला मुळीच अडचण नाही, परंतु कटकटीची असणे आणि मिणमिणती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता प्रकाशाकडे वळू, कारण मेणबत्तीची उपमा सर्वांत जास्त दिशाभूल करणारी आहे. ॲसिटिलीनच्या वजनात ९२ टक्क्यांहून अधिक कार्बन असतो. ज्योतीत या कार्बनचे अतिसूक्ष्म कण तापून लखलखतात आणि प्रकाश प्रामुख्याने त्यांचाच असतो. मेणबत्तीतही हेच घडते, परंतु ॲसिटिलीनची ज्योत कितीतरी अधिक तापते, त्यामुळे तिचा उजेड रॉकेलच्या ज्योतीपेक्षाच नव्हे, तर विजेच्या जुन्या कार्बन तारेच्या दिव्यापेक्षाही पांढरा असे. त्या काळी शहरांत वापरला जाणारा दगडी कोळशाचा वायू तासाला ५ घनफूट जाळला तर साधारण १६ मेणबत्त्यांचा प्रकाश मिळे. तेवढ्याच ॲसिटिलीनपासून उत्तम बर्नरमध्ये २४० मेणबत्त्यांपर्यंत प्रकाश मिळतो असा आकडा तेव्हा दिला जाई. मोटारीच्या दिव्यात एवढा वायू कोणी जाळत नसे. तासाला पाऊण घनफूट, म्हणजे सुमारे २१ लिटर वायू घेणारा बर्नर असेल तर नुसत्या ज्योतीचा प्रकाश, काही घट धरूनही, पंचवीस-तीस मेणबत्त्यांएवढा होईल. एक किलो बाजारी कार्बाइडपासून ढोबळमानाने ३०० लिटर वायू मिळतो. तेव्हा अर्धा किलो खड्यांवर असे दोन दिवे साडेतीन तास जळू शकत.

परंतु ज्या इंधनात कार्बन इतका भरपूर आहे ते काजळीही तितकीच धरते. ॲसिटिलीन साध्या छिद्रातून बाहेर सोडून पेटवले तर दिवा उजळण्याऐवजी धुराने काळा होतो. यावर सापडलेला उपाय मला या साऱ्या रचनेतला सर्वांत देखणा भाग वाटतो. बर्नरला इंग्रजी वाय अक्षरासारख्या दोन शाखा असत आणि प्रत्येक शाखेच्या टोकाला शंखजिऱ्याच्या दगडाची बारीक टोपी बसवलेली असे. दोन्ही टोप्यांतून निघालेल्या वायूच्या धारा हवेत एकमेकींवर आदळत आणि त्या जागी माशाच्या शेपटीसारखी चपटी, रुंद ज्योत पसरे. जाता जाता या धारा आजूबाजूची हवा ओढून घेत, त्यामुळे जळण पुरते होई. शिवाय उजेड देणारी ज्योत टोप्यांना न चिकटता त्यांच्यापासून थोडी दूर राही, त्यामुळे छिद्रांवर काजळीचे खडे धरत नसत. शंखजिरे निवडण्याचे कारणही सरळ आहे: ते उष्णतेने तडकत नाही, गंजत नाही, आणि त्यात अगदी बारीक छिद्र पाडता येते.

या ज्योतीमागे आरसा असे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने त्याचा विचारच केलेला नाही. अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) आकाराच्या खोलगट आरशाच्या नाभीवर, म्हणजे किरण जिथे एकवटतात त्या जागी, प्रकाशाचा बिंदू ठेवला तर किरण समांतर होऊन दूरवर जातात. ज्योत मात्र बिंदू नसते, तिला रुंदी असते. आरशापासून नाभीचे अंतर १० सेंटिमीटर आणि ज्योत १ सेंटिमीटर रुंद असेल, तर झोत सुमारे पावणेसहा अंशांनी पसरेल आणि ५० मीटरवर तो पाचेक मीटर रुंद होईल, म्हणजे साधारण रस्त्याएवढा. ज्योत मोठी केली तर एकूण उजेड वाढतो, पण झोत फाकतो आणि त्याची धार जाते. म्हणून दिवे करणाऱ्यांचा सारा भर ज्योत लहान, स्थिर आणि बरोबर नाभीवर ठेवण्यावर असे. २० सेंटिमीटर व्यासाच्या आरशाचे क्षेत्रफळ आणि ज्योतीची झळाळी यांवरून हिशेब केला, तर झोताच्या मध्यभागी दोन-अडीच हजार मेणबत्त्यांएवढी तीव्रता येते. आजच्या हॅलोजन दिव्यापुढे हा आकडा किरकोळ आहे हे खरे. पण ताशी ६५-७० किलोमीटर हा फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा कमाल वेग होता, आणि त्या काळच्या कच्च्या रस्त्यांवर रात्री तोही क्वचितच गाठला जाई.

चांगल्या प्रतीच्या दिव्यांत धातूच्या आरशाऐवजी मांजँ पद्धतीचा काचेचा आरसा असे. आल्फोन्स मांजँ या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १८७० च्या दशकात तो शोधझोतांसाठी (सर्चलाइटसाठी) तयार केला होता. त्याची काच मध्यभागी पातळ आणि कडेला जाड असते आणि चांदीचा थर मागच्या बाजूला असतो. त्याचे दोन्ही पृष्ठभाग गोलाचेच भाग असल्यामुळे ते घासायला सोपे, आणि एका पृष्ठभागाचा दोष दुसरा भरून काढत असल्यामुळे झोत मात्र जवळजवळ अन्वस्तासारखा नेमका. चांदी काचेमागे सुरक्षित असल्याने धुराने ती काळवंडत नसे आणि रोजच्या पुसण्याने झिजत नसे. असे मोटारीचे दिवे विकणाऱ्यांत पॅरिसचे लुई ब्लेरियो हे एक होते. त्या धंद्यातला नफा त्यांनी विमानांच्या प्रयोगांत ओतला आणि २५ जुलै १९०९ रोजी विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. मेणबत्तीएवढ्या उजेडाचे दिवे विकून एवढा पैसा उभा राहिला असता, असे म्हणायला मोठी श्रद्धा लागेल.

गाडीपुढे चालणाऱ्या माणसाविषयीचे विधान दोन काळांची सरमिसळ आहे. ब्रिटनमध्ये १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरून जाणाऱ्या वाफेच्या इंजिनांपुढे लाल निशाण घेऊन माणूस चालणे सक्तीचे केले होते, ते लोकांना आणि घोड्यांना सावध करण्यासाठी, रस्ता उजळण्यासाठी नव्हे. हलक्या मोटारींची या जाचातून १८९६ साली सुटका झाली. मोटारींवर ॲसिटिलीनचे दिवे रुळले ते त्यानंतर.

वाऱ्याने विझण्याचा दावाही टिकत नाही. दिव्याची ज्योत उघडी नसून पुढे काच, मागे आरसा आणि भोवती पितळी पेटी असे. हवा खालच्या झरोक्यांतून वळसे घेत आत येई आणि वरच्या धुराड्यातून तशाच आडपडद्यांमधून बाहेर पडे, त्यामुळे समोरचा वारा थेट ज्योतीपर्यंत पोहोचत नसे. त्यात ॲसिटिलीनची ज्योत स्वभावतःच चिवट आहे: हवेतील मिश्रणात ती सेकंदाला सुमारे दीड मीटर वेगाने पुढे सरकते, तर मिथेनची ज्योत साधारण ०.४ मीटरने. दिवे विझत ते बहुधा नळीत पाणी साचल्यामुळे किंवा कार्बाइड संपल्यामुळे. लग्नाच्या वरातीतली पेट्रोमॅक्स डोळ्यांसमोर ठेवून काही जण असाही आक्षेप घेतात की खड्ड्यांतल्या धक्क्यांनी जाळी गळून पडत असणार. पण पेट्रोमॅक्समध्ये रॉकेलची वाफ जळते आणि प्रकाश जाळी देते, ॲसिटिलीनच्या ज्योतीला जाळीची गरजच नसते.

राहता राहिला बॉम्ब, म्हणजे अर्धे खरे असलेले विधान. ॲसिटिलीन हा खरोखर धोक्याचा वायू आहे. हवेत अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो, आणि हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दुपटीपेक्षा जास्त दाबाखाली तो हवेशिवायही स्वतःच फुटून स्फोट करू शकतो. फुटबोर्डावरच्या भांड्यात मात्र दाब अगदी नाममात्र असे आणि वायू साठवण्याऐवजी लागेल तसा तयार होई. कोणत्याही क्षणी आत असलेला वायू थोडाच असे. पेट्रोलच्या टाकीशी त्याचा काही संबंध नसे. दाबाचा प्रश्न आला तो तयार वायू सिलिंडरमध्ये भरून विकायचे ठरल्यावर, आणि त्याचे उत्तर फ्रान्समध्ये जॉर्ज क्लोद व आल्बेर एस यांनी १८९६-९७ च्या सुमारास शोधले: असिटोन हा द्रव साध्या दाबालाच आपल्या सुमारे पंचवीसपट आकारमानाचा ॲसिटिलीन विरघळवून घेतो आणि दाब वाढवला तर त्या प्रमाणात आणखी. सिलिंडरमध्ये सच्छिद्र पदार्थ ठासून तो असिटोनने भिजवला की आत मोकळी जागा उरत नाही आणि स्फोट पसरायला वाट मिळत नाही.

अमेरिकेत इंडियानापोलिस येथे १९०४ साली सुरू झालेल्या आणि पुढे प्रेस्ट-ओ-लाइट नावाने गाजलेल्या कंपनीने असे सिलिंडर मोटारवाल्यांना पुरवले. रिकामा द्यायचा आणि भरलेला घ्यायचा, ही आज आपल्या घरोघरी चाललेली पद्धत तिनेच मोटारीच्या दिव्यांसाठी राबवली. याच कंपनीचे कार्ल फिशर आणि जेम्स ॲलिसन हे १९०९ च्या इंडियानापोलिस शर्यतमार्गाच्या संस्थापकांतही होते. त्यांच्या सिलिंडर भरण्याच्या कारखान्यात १९०७ आणि १९०८ साली स्फोट झाले, आणि मजकुरातल्या ‘स्फोटां’चे मूळ बहुधा तिथेच असावे. ते कारखान्यातले अपघात होते, रस्त्यावरच्या दिव्यांचे नव्हते. १९१७ साली ही कंपनी युनियन कार्बाइडकडे गेली. भोपाळमुळे आपल्याला माहीत झालेल्या त्या नावातले कार्बाइड ते हेच.

शेवटचा दावा १९१२ चा. विजेचे दिवे त्या वर्षी अवतरले नाहीत. अमेरिकेत कोलंबिया नावाच्या विजेवर चालणाऱ्या मोटारीला ते १८९८ सालीच मागणीप्रमाणे मिळत होते. अडचण अशी होती की दिव्यातली कार्बनची तार धक्क्यांनी तुटे आणि गाडीत मावेल इतका लहान, तरी पुरेशी वीज देणारा डायनॅमो सहज मिळत नसे. टंगस्टनच्या तारा मजबूत झाल्या, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी इंजिन सुरू करणारी मोटर, बॅटरी आणि दिवे एकाच व्यवस्थेत जोडले, तेव्हा वीज गाडीत कायमची आली. चालकाला खाली उतरून काडी ओढावी लागत नाही आणि चुना खरवडावा लागत नाही, हे तिचे खरे आकर्षण होते. मॉडेल टी या त्या काळी सर्वाधिक खपणाऱ्या मोटारीला समोरच्या बाजूस गॅसचेच दिवे १९१४ पर्यंत मिळत राहिले. १९१५ च्या गाड्यांना विजेचे दिवे आले ते बॅटरीवर नव्हे, तर इंजिनाच्या चाकातील मॅग्नेटोवर, म्हणजे फिरत्या चुंबकांनी वीज तयार करणाऱ्या यंत्रावर, चालणारे, त्यामुळे इंजिन मंद झाले की दिवेही मंदावत. शिवाय ते एकामागे एक जोडलेले असल्याने एक गेला की दुसराही जाई. आणि त्याच गाड्यांचे बाजूचे व मागचे दिवे तेव्हाही रॉकेलवर जळत होते, म्हणजे ज्या गाडीवरून गॅस गेला तिच्यावर रॉकेल मात्र आणखी काही वर्षे टिकून राहिले.