सही कशीही असो, स्टिकर खरा हवा

एखाद्या महान बेसबॉलपटूच्या सहीचा चेंडू विकत घ्यायचं तुमच्या मनात असेल, तर आधी एक वाईट खोड सोडा: सहीकडे बघण्याची. सही बघून आजवर कुणाचंही भलं झालेलं नाही. मन उगाच शंका काढत बसतं. ही रेघ थरथरली का? इथे शाई का साचली? नावाच्या मध्यावर पेन उचलून पुन्हा का टेकवलं? ज्या माणसाने आयुष्यात लाखभर सह्या ठोकल्या, तो स्वतःचंच नाव असं वाट विचारत विचारत का लिहील? असल्या प्रश्नांनी झोप उडते. म्हणून नजर थेट शेजारच्या चकचकीत स्टिकरवर न्या. तो थरथरत नाही. त्यावर होलोग्राम असतो, क्रमांक असतो. अजून काय हवं?

हा स्टिकर लावतो तो तिसरा पक्ष. विकणाऱ्याला माल खपवायचा असतो, म्हणून त्याच्यावर विश्वास नाही. घेणाऱ्याला त्यातलं कळत नाही, म्हणून त्याचा स्वतःवरही नाही. मग पीएसए, जेएसए, बेकेट अशा, फी घेऊन सह्या तपासणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या नावांचा दबदबा सुरू होतो. सही झाली तेव्हा तिथला तज्ज्ञ बहुधा हजर नसतो. तुमची सही तो आपल्या संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून पाहतो आणि मत देतो. होय, मत. बारीक अक्षरांतला मजकूर सहसा कुणी वाचत नाही, तुम्हीही वाचू नका. पण चुकून वाचलात, तर तिथे हाच शब्द सापडेल. हे मत पुढे चुकीचं निघालं, तर ते चुकीचं मत ठरतं, एवढंच. मत चुकल्याबद्दल कुणाला फाशी होते का?

फीचं गणितही समजून घ्या. सही जितकी महागड्या खेळाडूची, तितकी तपासणीची फी जास्त. भिंग तेच, डोळा तोच, पण बेसबॉलचा दिग्गज बेब रूथ याचं नाव समोर आलं की डोळ्याला जास्त कष्ट पडत असावेत. (जबाबदारी मोठी असते म्हणे. कुठली, ते वरच्या परिच्छेदात आलंच आहे.)

समजा, एका कंपनीने सही नाकारली. खचून जाऊ नका, दुसरीकडे पाठवा. एकाने नाकारलेली सही दुसऱ्याने पास केल्याची उदाहरणं या छंदात इतकी ऐकायला मिळतात, की नकार हा निकाल नसून प्रतीक्षायादी आहे असं समजायला हरकत नाही. होकाराचा स्टिकर वस्तूला चिकटतो. नकाराचं पत्र मात्र सुटं येतं आणि सुट्या कागदांचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

इतिहास वाचायच्या फंदात पडू नका. अमेरिकेत बॉलपेन दुकानात आलं 1945 मध्ये, आणि बेसबॉलपटू लू गेरिग वारला 1941 मध्ये. हे एकदा कळलं की गेरिगची बॉलपेनने केलेली सुंदर सही तुम्हाला गोड लागणार नाही. अमेरिकन बेसबॉलमधल्या नॅशनल लीगच्या अधिकृत चेंडूवर पूर्वी लीगच्या अध्यक्षाची छापील सही असायची. वॉरन जाइल्स त्या खुर्चीत बसला 1951 मध्ये. बेब रूथ 1948 मध्येच गेला होता. तेव्हा जाइल्सचं नाव छापलेल्या चेंडूवर रूथची सही दिसली, तर चेंडू हळूच फिरवून ठेवा, म्हणजे एका वेळी एकच नाव दिसेल.

परंपरेबद्दल मात्र आदर बाळगा. पीएसए खेळाडूंच्या चित्रांची जुनी संग्राह्य कार्डंही तपासून दर्जा देते. तिने 1991 मध्ये दर्जा ठरवलेलं पहिलंवहिलं कार्ड होतं बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं, टी-206 मालिकेतलं प्रसिद्ध कार्ड. मिळालेला दर्जा 10 पैकी 8. त्याच वर्षी आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या भागीदाराने ते 4,51,000 डॉलरला घेतलं होतं. 2007 मध्ये ते 28 लाख डॉलरला गेलं. आणि 2013 मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने न्यायालयात कबूल केलं की कार्ड नवंकोरं दिसावं म्हणून आपण त्याच्या कडा कापल्या होत्या. श्रीगणेशाच असा झाला! तो कार्डाचा मामला, सहीचा नव्हे, हे मान्य. पण सहीला तर मोजायला कडाही नसतात.

कुणी सांगेल, स्टिकरवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. जरूर तपासा. क्रमांक खराच निघेल, कारण तो खऱ्या चेंडूवरून उतरवून घेतलेला असू शकतो. ज्याला रूथची सही गिरवता येते, त्याला सहा-सात आकडे छापणं जड जाईल असं तुम्हाला वाटतं का?

1990च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम काढून या धंद्याचा रसभंग केला. नकली सह्यांच्या या बाजाराने लोकांना सुमारे 10 कोटी डॉलरला बुडवलं, असा हिशेब पुढे आला. त्या मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलही होता. या मालाला कागदपत्रांची ददात नव्हती, प्रमाणपत्रं सोबत असायची. सॅन डिएगोच्या संघातला बेसबॉलपटू टोनी ग्विन याने तर आपल्याच संघाच्या दुकानात आपल्याच नावाच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या ओळखल्या. आता बघा, एका बाजूला प्रमाणपत्र आणि दुसऱ्या बाजूला ग्विन. ग्विनकडे स्वतःचा हात सोडला तर पुरावा काय होता?

त्यानंतर 2001 पासून मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल संघटनेने एक नीरस प्रकार सुरू केला. खेळाडू सही करतो तेव्हा शेजारी एक माणूस उभा असतो, बहुधा आजी किंवा माजी पोलीस. तो बघतो आणि तिथल्या तिथे होलोग्राम लावतो. त्याच्याकडे नमुने नसतात, भिंग नसतं, मतही नसतं. त्याने फक्त पाहिलेलं असतं. असल्या माणसाकडून कसली विद्वत्ता अपेक्षायची? शिवाय ही सोय मेलेल्या खेळाडूंना लागू पडत नाही, आणि खरा पैसा तर त्यांच्यातच आहे.

शेवटचा सल्ला त्या हौशी लोकांना, जे स्वतः कुंपणाशी ताटकळून सही घेतात. कृपया हे करू नका. खेळाडू घाईत असतो, चालता चालता लिहितो, मागून कुणी धक्का मारतं, नावाचं शेवटचं अक्षर भलतीकडेच जातं. तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली ती सही कौतुकाने तपासायला पाठवता आणि उत्तर येतं: नमुन्यांशी जुळत नाही. त्यापेक्षा स्टिकर लावलेली सही विकत घ्या. ती रेघ न् रेघ नमुन्याशी जुळते. जुळणारच, ज्याने ती केली त्याने नमुना समोर ठेवूनच केली होती.