चहा आला होता का?

कारखान्यातल्या नोकरीची मुलाखत झाली. व्हिजिटर पास परत दिलात, सिक्युरिटीवाल्याने रजिस्टरमध्ये बाहेर पडल्याची वेळ टाकली, तुम्ही गेटबाहेर येऊन मोबाइल चालू केलात. अभिनंदन. खरं काम आता सुरू होतं. मुलाखत पंधरा मिनिटांत उरकते. ती कशी झाली यावर विचार करायला मात्र पुढचे तीन-चार महिने तुमच्याकडे असतात, आणि एवढा वेळ नुसता बसून घालवणं बरं दिसत नाही.

हे मार्गदर्शन चाकणपुरतं आहे असं समजू नका. रांजणगाव, वाळूज, अंबड, बुटीबोरी, गोकुळ शिरगाव, सगळीकडे लागू पडेल. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली. तेव्हापासून राज्यात जिथे जिथे शेड उभी राहिली, तिथे तिथे गेटबाहेर हातात प्लास्टिकची फाइल घेतलेला एक मुलगा उभा राहिला. तो म्हणजे तुम्ही. चाकण मी घेतलं ते अशासाठी, की तळेगाव चौकात बस अडकली की विचार करायला भरपूर सवड मिळते.

सुरुवात चहापासून करा. मुलाखत कशी झाली हे मोजायचं चहाइतकं भरवशाचं साधन नाही. चहा आला नाही तर आशा सोडा. कागदी कपात आला तर कॉन्ट्रॅक्टवर घेतील. साहेब ज्या कपात पितात त्याच कपात आला तर कंपनी रोल, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर मधे नाही, थेट कंपनीचा माणूस. सोबत बिस्किट असेल तर सरळ पर्मनंट. माझ्या पहिल्या मुलाखतीत चहाबरोबर दोन बिस्किटं आली होती. मी बाहेर पडल्या पडल्या घरी फोन लावला, "झालं बहुतेक." आईने शेजारी सांगितलं, शेजारच्या काकूंनी पेढ्यांची चौकशी केली, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या पगाराचा आकडा गल्लीत ठरलासुद्धा. पुढे खूप महिन्यांनी कळलं, की तिथे दहा वाजता चहाची ट्रॉली फिरायची आणि खोलीत जेवढी डोकी तेवढे कप ठेवून पोरगा पुढे जायचा. त्या दिवशी कोपऱ्यात एक माणूस प्रिंटर दुरुस्त करत बसला होता. त्यालाही चहा मिळाला होता. बिस्किटं त्यालाही दोनच. पण तुम्ही हे मनावर घेऊ नका. तुमचा चहा वेगळा असू शकतो.

चहानंतर तांत्रिक प्रश्न. "व्हर्नियरचा लीस्ट काउंट किती?" म्हणजे या मापाच्या साधनावर लहानात लहान किती मोजता येतं, हा प्रश्न आयटीआय झालेल्या मुलाला विचारलाच जातो. ०.०२ मिलिमीटर, तुम्ही म्हणालात. "मायक्रोमीटरचा?" ०.०१. "कसा काढला?" पिच अर्धा मिलिमीटर, थिंबलवर पन्नास भाग, भागाकार केला. साहेब म्हणाले, "हं."

हा "हं" जपून ठेवा. बसमध्ये त्याचा अभ्यास करायचा आहे. तो वर जाणारा होता की खाली येणारा? त्यानंतर साहेबांनी कागदावर काही लिहिलं का? लिहिताना पेन दाबून धरलं होतं का? ज्या माणसाला मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजता येतो, त्याला साहेबांच्या भुवईचा कोन मोजायला काय जड आहे? आत लाइनवर डिजिटल व्हर्नियर आहे, तो आकडा स्वतःच दाखवतो, आणि बहुतेक ठिकाणी तोही हातात येत नाही. येतो गो-नो-गो गेज. गो बाजू आत गेली आणि नो-गो बाजू नाही गेली तर ओके, नाहीतर लाल बिन. पण मुलाखतीत असलं काही बोलायचं नसतं. तसंच फाइव्ह एसचं, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीचं. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हे पाच जपानी शब्द तुम्ही रात्रभर मनाचे श्लोक म्हणावेत तसे घोकलेत. ते म्हणताना साहेबांच्या मागच्या भिंतीवर याच पाच शब्दांचा बोर्ड होता, आणि बोर्डाखाली फाइलींचा जो ढीग होता त्यात तुमचा बायोडाटा वरून तिसरा होता. वरून तिसरा म्हणजे चांगलंच लक्षण. संध्याकाळपर्यंत तो वरून चाळिसावा होईल, पण तेव्हा तुम्ही तिथे नसता.

मग येतात ते प्रश्न, ज्यांचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही. "गावाकडे शेती किती?" इथे भलेभले चकतात. साहेबांना तुमच्याबद्दल आपुलकी वाटली असं धरून तुम्ही अडीच एकर, एक विहीर, औंदा सोयाबीन, असं सविस्तर सांगता. साहेबांनाही शेतीचं ज्ञान आहेच. पेरणीला हा मुलगा चार दिवस गायब होणार, काढणीला आठ, आणि मधे गावची जत्रा, असा हिशेब ते मनात मांडत असतात. शेती नाही म्हणालात तर प्रश्न येतो, "मग एवढे दिवस काय करत होता?" शेती आहे म्हणालात तर, "एवढं सगळं असताना इकडे कशाला?" योग्य उत्तर एकच: शेती आहे, पण भाऊ बघतो. भाऊ नसेल तर मुलाखतीपुरता काढावा. "नाइटला जमेल ना?" याला जमेल. "ओव्हरटाइमला थांबाल ना?" याला थांबेन. "लग्न झालंय का?" याला नाही, आणि झालं असेल तर बायको गावाला. "अपेक्षा किती?" याला खाली मान घालून, "सर, तुम्ही द्याल तो." या शेवटच्या उत्तरावर साहेब हसतात. त्या हसण्याचे अर्थ लावण्यात तुमचा पहिला आठवडा मजेत जाईल.

आता मुख्य विषयाकडे येऊ. निघताना तुम्हाला काय म्हणाले? नुसतं "कळवणं" हे क्रियापद ऐकून घरी येऊ नका, प्रयोग ओळखा. शाळेत प्रयोग ओळखा हा प्रश्न आपण गुणांसाठी सोडवला, तो कामाला इथे येतो. "कळवतो" म्हणाले असतील तर कर्तरी. कर्ता आहे, समोर बसला आहे, त्याला नाव आहे. दुपारच्या जेवणापर्यंत तुम्ही त्याच्या लक्षात राहाल. "कळवू" म्हणाले तर कर्ता अनेकवचनी झाला, म्हणजे आता कोणीच जबाबदार नाही. आणि "तुम्हाला कळवलं जाईल" म्हणाले असतील तर हा कर्मकर्तरी. यात कर्ता लागतच नाही. कळवणं आपोआप घडायचं असतं, पाऊस पडतो तसं. "कळवतो"ची गंमत अशी, की त्याचं रूप वर्तमानकाळाचं, अर्थ भविष्यकाळाचा, आणि दोन महिने वाट पाहिलीत की कळतं, ते भूत होतं.

तरीही पाठपुरावा करायचाच. गप्प बसलात तर तुम्हाला गरज नाही असा समज होतो. फोन केलात तर फारच गरज आहे असा. या दोन्हींच्या मधली जागा शोधायला जाऊ नका, ती नसते. ईमेल इंग्रजीतच लिहा. सुरुवात "रिस्पेक्टेड सर", शेवट "काइंडली डू द नीडफुल". नीडफुल म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नाही, वाचणाऱ्यालाही नाही, त्यामुळे गैरसमज होत नाही. ईमेलनंतर व्हॉट्सअ‍ॅप. एचआरच्या मॅडमना रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि सुविचार पाठवा. निळी टिक आली तर त्यांनी तुम्हाला ओळखलं. नाही आली तर त्या कामात आहेत. डीपी दिसेनासा झाला तर मॅडमनी कंपनी बदलली असणार. तुम्हाला ब्लॉक वगैरे कोण कशाला करेल?

फोन करायचा तर वेळ निवडून करा. सकाळी पाळी बदलत असते, अकराला मीटिंग, एकला जेवण, तीनला पुन्हा पाळी, पाचला साहेब निघालेले. राहिलेल्या वेळात फोन बिझी. हे करताना कमीपणा वाटून घेऊ नका, यात मोठी परंपरा आहे. मुंबईच्या गिरणगावात बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभा राहायचा. आत कोण गैरहजर आहे यावर त्याचा दिवस ठरायचा आणि त्याला आत घ्यायचं की नाही हे ठरवण्यात जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, हात मोठा असायचा. त्यांना मोबाइल नव्हता, म्हणून प्रत्यक्ष उभं राहावं लागे. तुम्ही घरबसल्या उभे राहू शकता. एवढी प्रगती झाली आहे.

बातमी हवीच असेल तर कंपनीच्या एचआरकडे नसते, ती गेटसमोरच्या टपरीवर असते. कोणत्या लाइनला नवं मॉडेल लागतंय, कोणत्या कॉन्ट्रॅक्टरचं बिल अडकलंय, सोमवारी किती पोरं लागणार आहेत, हे टपरीवाल्याला प्लांट हेडच्या आधी कळतं. कारण पोरं वाढली की त्याला दूध वाढवावं लागतं. एक कटिंग घ्या, विषय सहज काढा. तो तुमच्या फाइलीकडे बघेल आणि सांगेल, "अजून ब्रेक नाय पडला आतल्यांचा."

हे वाक्य नीट ऐका, कारण बाकी सगळ्या मार्गदर्शनात एवढंच एक कामाचं आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवसांचा एक आकडा होता. बारा महिन्यांत तेवढे दिवस काम भरलं की ते वर्षभराचं सलग काम धरायचं आणि मग कामगाराला काढताना नोटीस, भरपाई अशा गोष्टी मधे यायच्या. कायदा करणाऱ्यांनी तो कामगाराच्या सोयीसाठी घातला. शॉप फ्लोअरवर त्याचा उपयोग कॅलेंडरसारखा झाला. सहा-सात महिने झाले की मुलाला ब्रेक. म्हणजे घरी जा, गरज लागली तर बोलावू. त्याची जागा रिकामी झाली की तुमची फाइल ढिगातून वर येते. तुमचा लीस्ट काउंट बरोबर होता, फाइव्ह एसही पाठ होतं, शेतीचं उत्तर तर उत्तमच. पण निकाल लागायचा होता तो आत मशीनवर उभ्या असलेल्या, तुमच्याच वयाच्या, कदाचित तुमच्याच तालुक्यातल्या एका मुलाचे दिवस भरल्यावर. तुम्ही साहेबांच्या भुवया मोजत होतात. मोजायचे होते त्याचे दिवस.

अर्थात हे समजून उपयोग काहीच नाही. म्हणून मधल्या काळात इतर वाटाही चोखाळा. अ‍ॅप्रेंटिस म्हणून जाता येईल. १९६१ चा कायदा आहे, तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचेच आहेत. शिकून झाल्यावर नोकरी द्यायची की नाही, याचं धोरण २०१४ च्या दुरुस्तीने मालकाच्याच हाती ठेवलं, त्यामुळे तिथेही शेवटच्या दिवशी तुम्हाला ओळखीचं क्रियापद ऐकू येईल. राज्य सरकारने २०२४ मध्ये कार्य प्रशिक्षण योजना काढली, लोकांनी तिचं नाव "लाडका भाऊ" ठेवलं. आयटीआयवाल्याला महिना आठ हजार, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. भाऊ लाडका, पण मुदतीचा.

आणि कन्सल्टन्सीवाल्यांना विसरू नका. आजवर तुम्ही सगळ्यांना फोन केलेत. हे एकटेच आपणहून तुम्हाला दिवसातून तीनदा फोन करतात. रजिस्ट्रेशनचे पैसे, मग युनिफॉर्मचे, मग सेफ्टी शूजचे, मग मेडिकलचे. ऑफर लेटर व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, वर कंपनीचा लोगो आडवा ताणलेला, खाली सही, आणि ईमेल मात्र जीमेलचा. पैसे लगेच भरा. उशीर केलात तर तुमचा नंबर दुसऱ्याला जाईल, आणि मग त्यांचा नंबर बंद झाल्यावर आपला नंबर नक्की कुठे लागला होता याचा हिशेब दुसऱ्याला करावा लागेल.

एवढं सगळं नीट केलंत तर चौथ्या महिन्यात कधीतरी रात्री जेवताना फोन वाजेल. अनोळखी नंबर, मागे मशीनचा आवाज. "उद्या सकाळी साडेसहाला गेटवर या. आधारची झेरॉक्स, पासबुकची झेरॉक्स, दोन फोटो." तुम्ही हात न धुताच उभे राहाल. एवढ्या दिवसांचा अभ्यास वाया जाऊ नये म्हणून विचाराल, "सर, माझा इंटरव्ह्यू चांगला झाला होता ना?" पलीकडून आवाज येईल, "कुठला इंटरव्ह्यू? येताय की दुसऱ्याला सांगू?"

जा. गेटवर तुमच्यासारखे बरेच असतील, कुणी तुम्हाला लीस्ट काउंट विचारणार नाही. स्टोअरमधून सेफ्टी शूज मिळतील, आठ नंबर. पाय घालून बघा. आतून ते आधीच कुणाच्या तरी पायाच्या आकाराचे झालेले असतील. डाव्या बुटात अंगठ्याजवळ थोडं टोचेल, त्यालाही टोचत असणार. दहा वाजता चहाची ट्रॉली लाइनवर येईल. कप घेऊन मान वर केलीत तर काचेपलीकडच्या खोलीत एक मुलगा गुडघ्यांवर प्लास्टिकची फाइल धरून बसलेला दिसेल. पोरगा त्याच्यापुढे कप ठेवेल, दोन बिस्किटं ठेवेल, आणि त्याचा चेहरा उजळेल.

त्याला सांगायला उठू नका. लाइन सोडायची परवानगी नसते.