गुरुवार मोकळा हवा

परवा मला इंग्लंडमध्ये मुंबईहून एमडी करणाऱ्या एका ज्युनियरचा फोन आला. तिथे रात्रीचे दोन वाजले होते. इमर्जन्सी आटोपून ती थिसिसचा मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या पेशंटच्या माहितीचा मोठा तक्ता, भरत बसली होती. "ताई, साठ पेशंट झालेत, पण फॉलोअपला चौतीसच आले. बाकीच्या सव्वीस जणांच्या रकान्यांत काय लिहू?"

रिकामे रकाने अंदाजाने भरून टाकू का, हेच तिला विचारायचं होतं, ते मला कळलं. बारा वर्षांपूर्वी मुंबईतल्याच एका महापालिका रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये, केसपेपरांचे गठ्ठे सोडताना, हाच प्रश्न मला पडला होता. विचारायला कुणी नव्हतं. थिसिस बांधून झाला, पास झाला, विभागाच्या कपाटात गेला. त्यातून एकही शोधनिबंध निघाला नाही, आणि ते मला अजून लागतं.

आमच्या बॅचमध्ये सध्या यावरच वाद पेटलाय. निम्मे म्हणतात, एमडी-एमएसचा थिसिस बंद करा, पेशंट बघणाऱ्याला संशोधन कशाला? बाकीचे म्हणतात, सक्ती उठली तर आहे तेही जाईल. थिसिस राहावा असं मलाही वाटतं, पण त्यासाठी वेळ दिला तरच.

इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्या संशोधन-प्रशिक्षणावरच्या 2005 च्या वॉलपोर्ट अहवालानंतर तरुण डॉक्टरांसाठी अकॅडेमिक क्लिनिकल फेलोशिप आली. साधारण तीन वर्षं, त्यातला पाव वेळ संशोधनाला राखीव. ती मला मिळाली, आणि संशोधनासाठी माझ्या वाट्याला गुरुवार आला. पहिल्याच महिन्यात वॉर्ड भरलेला पाहून मी गुरुवारी सवयीने राउंडला गेले. कन्सल्टंटनी माझ्या हातातली पेशंटची यादी काढून घेतली. "आज तू इथे नाहीस," म्हणाले. त्या दुपारी संख्याशास्त्रज्ञ बाई माझ्याशेजारी दोन तास बसल्या, एकाच तक्त्यावर. जे पेशंट परत आले नाहीत ते का आले नाहीत, हे आधी शोध, असं त्यांनी सांगितलं.

इथेही निवडीत गुण मिळावेत म्हणून घाईघाईने केस रिपोर्ट, म्हणजे एखाद्याच पेशंटवरचे छोटे लेख, लिहिणारे आहेतच. आणि पेशंट? मुंबईच्या एका ओपीडीत सकाळभरात जे दिसतं, ते इथे महिनोन्‌महिने दिसत नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने झालेला अभ्यास घ्या. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिडोकेन टोचलं, भूल द्यायचं साधं, स्वस्त औषध. 1600 महिला. पाच वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण 82.6 टक्क्यांवरून 86.6 वर गेलं. 2023 मध्ये हे छापून आलं. मुंबईची माणसं हे करू शकतात, म्हणून तर माझा जीव तुटतो.

भारतात संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स आता रेसिडेंटना, म्हणजे एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांना, बंधनकारक आहे. चांगलंच झालं. पण तो बघायचा कधी, ड्यूटी संपवून डोळे मिटत असताना? थिसिससाठी रेसिडेंट उठला तर वॉर्ड कोण सांभाळणार, असं बॅचमधले विचारतात. अरे, जिल्हा रेसिडेन्सीसाठी, म्हणजे जिल्ह्याच्या आरोग्यसेवेत काम करायला, तोच रेसिडेंट तीन महिने बाहेर जातो, तेव्हा युनिट चालतंच ना? मग दुसऱ्या वर्षी सहा आठवडे थिसिसला द्या, आणि प्रत्येक कॉलेजात शेजारी बसून शिकवणारा एक संख्याशास्त्रज्ञ नेमा.

ज्युनियरला मी सांगितलं, रकाने रिकामेच ठेव आणि त्या सव्वीस जणांना फोन कर. रविवारी तिचा मेसेज आला: "एकोणीस जणांना लागला, ताई. अकरा गावी गेलेत, तिघांची मजुरी बुडते म्हणून येत नाहीत. हे थिसिसमध्ये लिहायचं का?"

लिही म्हटलं, पहिल्या तक्त्यातच.