गादा दिसला, पैसे द्या

कणकुंबीची मलप्रभा आणि आंबोलीची हिरण्यकेशी, दोघींनाही उगमापासून अरबी समुद्र पन्नासेक किलोमीटरवर. पण दोघी समुद्राकडं पाठ फिरवून निमूट बेळगाव जिल्ह्यात येतात आणि कृष्णेच्या संगतीनं पार बंगालच्या उपसागराला जातात. लांब पडतं, पण घाट उतरावा लागत नाही. आम्हा बेळगावकरांना नद्यांइतकी अक्कल नाही. मे महिन्याची सुट्टी लागली की घरातलं कुणीतरी "एकदा डॉल्फिन बघून येऊया की" म्हणतं आणि बारा माणसं, दोन किलो भडंग आणि कुंद्याचा डबा घेऊन ट्रॅक्स मालवणच्या दिशेनं सुटते.

पहिली चूक घड्याळात होते. आम्ही सकाळी सहाला निघणार, आंबोलीत चहा पिणार, सावंतवाडीत लाकडी खेळण्यांची घासाघीस करणार आणि देवबागच्या वाळूत पाय ठेवणार बाराला. सगळ्यात वाईट वेळ नेमकी तीच. सकाळी समुद्र ताटात वाढलेल्या वरणासारखा पसरलेला असतो. ऊन चढलं, जमीन तापली, की समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारपर्यंत लाटांना पांढरे शेंडे फुटतात. त्या गर्दीत करड्या रंगाची पाठ शोधायची म्हणजे खडेबाजारात दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी हरवलेला मेहुणा शोधायचा. मुक्कामाला आदल्या रात्री पोचावं आणि सात-साडेसातला होडीत बसावं. महिना म्हणाल तर मे म्हणजे उशीरच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो. पावसाळ्यात होड्या बंदच.

दुसरी चूक पोटात. खरं तर पोट बिचारं निर्दोष असतं, भांडण वरच्या मजल्यावरचं. आतल्या कानाला होडीचे हेलकावे कळतात. डोळे मात्र मांडीवरच्या मोबाइलकडं बघून "सगळं जागच्या जागी आहे" असं सांगतात. दोघांतलं कुणीतरी खोटं बोलूलालंय असं मेंदूला वाटतं आणि शिक्षा पोटाला होते. म्हणून नजर क्षितिजावर ठेवायची, मोबाइल खिशात. बसायचं होडीच्या मध्यावर, जरा मागच्या बाजूला, कारण नाळेकडचं, म्हणजे पुढचं, टोक सगळ्यात जास्त वर-खाली होतं. अगदी मागं मात्र नको, तिथं इंजिनाचा धूर असतो. होडी लागू नये म्हणून अॅव्होमिनची गोळी डॉक्टरांना विचारून दोन तास आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबरच परत येते. गोळीनं झोप येते हेही खरं, त्यामुळं निम्मी मंडळी डॉल्फिनच्या नावानं घोरून परत आलेली असतात. उपाशी जाऊ नये, पण पुरी-भाजीवर कुंदा चापूनही जाऊ नये. दोन इडल्या, बस्स. आणि वेळ आलीच, तर वारा ज्या बाजूला चाललाय त्या बाजूच्या काठावर जावं. ही एक गोष्ट न पाळणाऱ्याला नातेवाईक पुढची दहा लग्नं त्यावरूनच ओळखतात.

मग लाइफ जॅकेट. ते आधीच्या फेरीतल्या माणसाच्या घामानं ओलं असतं, एवढ्यावरून नाक मुरडू नका. पट्टे लावल्यावर शेजाऱ्याला खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते तुमचं नाही, थोरल्या दाजींचं आहे. पाण्यात पडल्यावर ते वर जाईल आणि तुम्ही खाली. पोटाला बांधण्यापुरतं घालणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

आता मुख्य देव. किनाऱ्यावरच्या फलकावर हवेत कमान करून उडी मारणारा, हसरा डॉल्फिन असतो. तो तमाशातला. आपल्या किनाऱ्याला बहुधा दिसतो तो कुबड्या डॉल्फिन, मालवणी लोकांचा गादा: आठेक फूट लांब, करडा, पाठीवर उंचवटा आणि त्या उंचवट्यावर बसवलेला छोटासा त्रिकोणी पर. उथळ पाण्यात, खाडीच्या मुखाशी मासे शोधत हिंडतो. स्वभावानं बुजरा, उड्या क्वचितच मारतो. तो मासाही नाही, श्वास घ्यायला वर यावंच लागतं, आणि आपलं सगळं 'दर्शन' म्हणजे त्या श्वासाची वेळ. म्हणजे दीड-दोन सेकंद. आधी आवाज येतो, कुकरची शिट्टी व्हायच्या अलीकडं होतो तसा फुस्स. मग ओल्या दगडासारखी पाठ चकाकते, चाकासारखी पुढं वळते, त्रिकोण दिसतो आणि पाणी पुन्हा मिटतं. जिथं बुडाला तिथं बघत बसलात तर फसलात. तो पोहत होता त्या दिशेला, थोडं पुढं नजर ठेवा. बहुतेक वेळा मिनिटभरात वर येतो. इंजिन बंद असेल तर फुस्स ऐकू येतो, चालू असेल तर नाही, म्हणून होडीवाल्याला इंजिन बंद करायला सांगणं हे दुर्बिणीपेक्षा उपयोगाचं.

फोटोचं म्हणाल तर बोट बटणावर टेकेपर्यंत गादा पाव मैल जुना झालेला असतो. घरी आल्यावर एकशेचाळीस फोटो निघतात, सगळे उत्तम प्रकाशातल्या पाण्याचे. त्यातल्या एकात काळा ठिपका असतो. तो पाणकावळा. काढायचाच असेल तर झूम न करता व्हिडिओ चालू ठेवावा.

"थंय बघा, गादे!" असं होडीवाला ओरडला की बाराच्या बारा माणसं डावीकडं धावतात, होडी डावीकडं कलते आणि तो दुसऱ्यांदा ओरडतो, "उठू नकात!" त्या गोंधळात आणखी चार होड्या येतात. खरं तर अंतर पन्नासेक मीटर हवं, वेग हळू, होडी गाद्याच्या बाजूनं समांतर. त्याच्या वाटेत आडवी नको, आई आणि पिल्लाच्या मध्ये तर नकोच. तो बराचसा कानांनी जगतो. चारी बाजूंनी इंजिनं घोंगावली की तो जास्त वेळ पाण्याखाली राहतो. म्हणजे जितका पाठलाग, तितकं कमी दर्शन. वर तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळं होडीत हटकून विचारला जाणारा "ह्याचं कालवण करतात काय?" हा प्रश्न निदान मोठ्यानं विचारू नये.

"आणि देवमासा?" हाही प्रश्न येतोच. २०१५ मध्ये सिंधुदुर्गच्या समुद्रात निळा देवमासा दिसल्याची नोंद आहे, पण तासाभराच्या फेरीत तो भेटायला येईल अशी आशा धरू नये. त्याच्या उलटीला कोटींचा भाव असतो हे मात्र आमच्याकडं पानपट्टीवरसुद्धा माहीत असतं. ती निळ्याची नव्हे, स्पर्म व्हेलची. बनते आतड्यात, म्हणजे उलटी म्हणणंही धाडसाचंच. भारतात तिचा व्यापार गुन्हा आहे. त्या हिशेबानं आमच्या होडीच्या काठावर होणाऱ्या मालाला अजून कायद्याचं संरक्षण नाही.

काठावर परतल्यावर खरी झटापट. "डॉल्फिन दिसला नाही तर पैसे नाहीत" अशी बोली झालेली असते, पण दिसला म्हणजे किती दिसला, हे ठरलेलं नसतं. बारांतल्या सहांनी पाठ बघितलेली असते, तिघांनी लाट, दोघांनी स्वतःच्या मोबाइलचा पडदा, आणि दाजी पूर्ण वेळ काठावर वाकून पाण्याशी बोलत असतात. "नुसती पाठ म्हणजे अर्धे पैसे" असा आमचा रविवार पेठेतला हिशेब. होडीवाला आमच्याशी वाद घालत बसत नाही. त्याला अनुभव असतो. तो सरळ आजीकडं वळतो, कारण होडीत मोबाइल नसलेलं माणूस तेवढं एकच असतं.

"आजी, दिसलो मां?"

"होय की रे बाळा. चार दिसले. एक बारकं पिल्लू पण होतं."

दाजी मान खाली घालून पाकीट काढतात.