वाकडी दिसली, सरळ केली!

मेकॅनिक मंडळी, साइडकारवाली मोटारसायकल दिसली की तिला 'सरळ' करायची खाज कुठून येते हो तुम्हाला? नुसतं ऑइल बदलायला गाडी द्यावी, तर परत येते ती सुधारून! "जरा कललेली होती, केली उभी." अरे, ती कललेलीच असते! साइडकारच्या उलट बाजूला, एखाद-दोन अंश. साइडकारचं चाकही पुढून किंचित आत वळवलेलं असतं, तेही मुद्दाम. नाहीतर गाडी सतत साइडकारकडे ओढते आणि संध्याकाळपर्यंत खांदे निखळतात. कुणाचे? माझे!

आधीच ती कमी छळते का? रेस दिली की एकीकडे पळते, ब्रेक मारला की दुसरीकडे. साइडकारच्या बाजूला जरा जोरात वळलं की तिसरं चाक हवेत. मागचा टायर तर खडूसारखा झिजतो. चालेल, सगळं सोसतो. पण जोडणीच्या नटबोल्टवर मी पांढऱ्या रंगाने खुणा करून ठेवलेल्या, त्या काय गाडी नटवायला? बरोबर त्यांच्यावरच पाना!

आणि एवढं केल्यावर एक चक्कर मारून बघितली का? छे! म्हणे, "ही असली गाडी आम्हाला चालवता येत नाही."