आधी कुटुंब दाखवा

दुसऱ्या शहरात नोकरी लागली आहे, मुलांची शाळा एप्रिलअखेर संपणार आहे, तोवर आपण एकट्याने पुढे जाऊन घर लावून ठेवावे, असा शहाणपणाचा विचार आपल्या मनात आला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन आणि लगेच एक विनंती : हा विचार कोणाजवळही बोलून दाखवू नये. मी बोलून दाखवला. गेल्या नोव्हेंबरात मी लातूरहून पुण्याला नोकरीसाठी आले. पती करसल्लागार असल्यामुळे मार्चअखेरपर्यंत आणि दोन्ही मुली परीक्षेपर्यंत लातुरातच राहणार आहेत. एवढ्या साध्या व्यवस्थेबद्दल मला आजवर जितके प्रश्न विचारले गेले, तितके नोकरीच्या मुलाखतीतही विचारले गेले नव्हते. हे लिहीत असताना समोर टेबलावर एक हजार रुपयांच्या दंडाची चिठ्ठी पडलेली आहे. तिच्याविषयी पुढे सांगेन, आधी सूचना.

शक्य असल्यास पुरुष म्हणून जन्म घ्यावा. नवरा पुढे गेला की तो घरासाठी खस्ता खातो, बायको पुढे गेली की ती पोरांना टाकून जाते. शेजारच्या काकू माझ्या पतींना रोज वाटीभर भाजी आणून देतात आणि पदराने डोळे टिपतात. ते लग्नापासून माझ्यापेक्षा बरा स्वयंपाक करतात, हे त्यांना सांगण्याची आमच्या घरात कोणाची छाती झालेली नाही. नातेवाइकांचा आक्षेप वेगळा आहे. अख्खा महाराष्ट्र मुलांना शिकायला लातूरला पाठवतो आणि तुम्ही लातूरच्या मुली पुण्याला काय नेता, असे ते विचारतात. थोरली चौथीत आहे, बारावीच्या त्या प्रसिद्ध पॅटर्नची तिला अजून आठ वर्षे गरज नाही, असे उत्तर देऊ नये. 'आठ वर्षे कशी जातात कळतही नाही' असे ऐकून घ्यावे लागते, आणि मग चहा गार होतो.

एकटे असताना आजारी पडू नये.

निघण्यापूर्वी आपले लग्न झाले आहे की नाही, याचा एकदा पक्का निर्णय करून घ्यावा. मला तो करता आला नाही. पुण्यात पहिले काही दिवस चुलत नणंदेच्या हॉलमध्ये काढल्यानंतर मी मुलींच्या पीजीत चौकशी केली, तेव्हा तेथील मावशींनी मंगळसूत्राकडे पाहून 'आम्ही लग्न झालेल्या बायकांना ठेवत नाही, नवरे येऊन भांडतात' असे सांगितले. तेथून फ्लॅट पाहायला गेले, तर एजंटाने फोनवर घरमालकाला 'बॅचलर आहेत' असे कळवले. मी दोन मुलींची आई आहे, माझे वय अडतीस आहे आणि माझे गुडघे त्याहून मोठे आहेत. एकाच दिवशी सकाळी मी विवाहित असल्यामुळे आणि दुपारी अविवाहित असल्यामुळे नाकारली गेले. एजंटाने मात्र पुढे घर मिळाल्यावर अकरा महिन्यांच्या करारासाठी एक महिन्याचे भाडे घेताना माझ्या वैवाहिक स्थितीत काडीचाही रस दाखवला नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

गॅसची जोडणी नव्या गावी बदलून घ्यावी, असे वाटेल. त्यासाठी जुन्या गावची टाकी आणि रेग्युलेटर जमा करावा लागतो, आणि त्या टाकीवर तिकडे तीन माणसे जेवत आहेत. तेव्हा बाजारातून पाच किलोची लहान टाकी आणावी व खिचडी हे पूर्णान्न आहे असे स्वतःला समजावावे.

आता मुख्य सूचना, जिच्यावाचून बाकी सर्व व्यर्थ आहेत : गृहनिर्माण संस्थेच्या समितीसमोर जाताना आपले कुटुंब सोबत न्यावे. कुटुंब अद्याप गावी आहे, त्यांना आणण्यासाठीच तर घर हवे आहे, असा युक्तिवाद आपण कराल. मीही केला. रविवारी सकाळी अकरा वाजता, पार्किंगच्या कोपऱ्यातील कार्यालयात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी तो अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार अशा तिघांसमोर मांडला. 'मॅडम, आधी फॅमिली आणा, मग बघू,' अध्यक्ष म्हणाले. 'कुठे आणू?' असे मी विचारले. 'तो तुमचा प्रश्न आहे.' त्यानंतर चौकशी सुरू झाली. मिस्टर काय करतात, ते आत्ताच का येत नाहीत, येणार आहेत हे नक्की ना, मुलींना कोण सांभाळते, सासूबाई आहेत का, असल्यास त्यांना हे पटले आहे का. लग्नाचा फोटो मागितला, तो दाखवला. फोटो जुना आहे, असे सचिव म्हणाले. लग्न जुने असल्यामुळे तसे झाले असावे. मग पतींना व्हिडिओ कॉल लावायला सांगण्यात आले. ते त्या वेळी पोहे परतत होते. हातात झारा घेतलेला माणूस पाहून तिघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि कुटुंब सुस्थितीत असल्याचा पुरावा म्हणून पुढे आलेल्या दृश्यामुळे माझ्याविषयीचा संशय उलट दुणावला. धाकटी पडद्याशी येऊन 'आई, हे काका कोण?' असे विचारू लागली, तेव्हा कॉल बंद करण्याची सूचना झाली. शेवटी, पत्नी एकटी राहण्यास माझी हरकत नाही, असे पतीचे पत्र पाचशे रुपयांच्या मुद्रांकपत्रावर द्यावे, या अटीवर प्रकरण मार्गी लागले. निघताना खजिनदारांनी पाणी जपून वापरण्याविषयी दहा मिनिटे समजावले. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले, त्या शहरातून आलेल्या बाईला पाण्याचे मोल पुण्यातील गृहस्थ शिकवत होते. मी मान डोलावली, कारण घर हवे होते.

आपण सुशिक्षित असाल, तर या प्रसंगी कायदा आठवण्याची चूक कराल. आठवू नये, त्याने केवळ रक्तदाब वाढतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकावर असते. त्याने ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्या कलमात भाडेकरूच्या लग्नाच्या फोटोचा उल्लेख मला सापडला नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, त्याने आठ दिवस आधी कळवून कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत दिली की पुरे. हेच उपविधी आमच्या संस्थेनेही स्वीकारलेले आहेत आणि त्यांची प्रत त्याच कार्यालयातील काचेच्या कपाटात, कुलपाआड, अत्यंत सुरक्षित आहे. सभासदाने फ्लॅट भाड्याने दिला की संस्था त्याच्याकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाने सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपुरते मर्यादित केलेले आहे. ही मर्यादा मात्र समितीला तोंडपाठ आहे, कारण त्यामुळे हुकलेल्या कमाईची भरपाई कशातून करायची याचा विचार तिला करावा लागतो. बॅचलर भाडेकरूंच्या पाहुण्यांवर वेळेचे बंधन आणि दंड घालणारा सूचना फलकावरचा कागद त्या विचारातूनच जन्मला असावा.

लिफ्टमध्ये फोनवर हसू नये.

आणि शेवटची सूचना : पतीला भेटायला बोलावू नये. गेल्या शनिवारी माझे पती दोन्ही मुलींना घेऊन ट्रॅव्हल्सने आले. लातूरची गाडी बार्शी, टेंभुर्णी, इंदापूर करीत हडपसरला पहाटे टेकते. साडेपाच वाजता ते फाटकाशी पोहोचले आणि बॅचलर भाडेकरूंच्या पाहुण्यांना सकाळी सातपूर्वी प्रवेश नाही म्हणून तेथेच थांबवले गेले. फेब्रुवारीची थंडी होती, धाकटी खांद्यावर झोपलेली होती. पहारेकरी बिचारा ओशाळून 'वरून ऑर्डर आहे, साहेब' एवढेच म्हणत होता. त्याच्यावर माझा राग नाही. मी चपला न घालता खाली धावले. नोंदवहीत 'कोणाकडे', 'कशासाठी' आणि 'भाडेकरूशी नाते' असे रकाने होते. पतींनी शेवटच्या रकान्यात 'नवरा' लिहिले आणि 'कशासाठी' हा रकाना कोरा ठेवला. तो कोरा चालणार नाही, म्हणून पहारेकऱ्याने स्वतः 'कौटुंबिक' असे भरले. रविवारी रात्री मुली परत गेल्या. सोमवारी दारात चिठ्ठी होती : 'बॅचलर सदनिकेत तीन व्यक्तींचा अनधिकृत मुक्काम. दंड 1,000 रुपये.'

आता मला उपरोध साधत नाही. अध्यक्षमहोदय, त्या तीन व्यक्तींपैकी एकीचे वय सहा आहे. ज्यांना मी लगेच आणले नाही म्हणून आपण मला घर नाकारत होतात, तीच ही तीन माणसे आहेत, आणि ती आली तेव्हा आपण दंड लावला. आपले स्वतःचे चिरंजीव परदेशात नोकरीला गेले, तेव्हा पत्नीला मागाहून नेण्यापूर्वी सहा महिने एकटेच राहिले होते, हे आपणच मला मुलाखतीत अभिमानाने सांगितले होते. तेथे त्यांना कोणी लग्नाचा फोटो मागितला असता, तर आपण त्या देशाविषयी काय बोलला असतात? आपल्याला भीती कशाची वाटते? रात्री दहा वाजता कार्यालयातून येऊन मुलींशी फोनवर पाढे म्हणणाऱ्या बाईची? संशय घ्यायला दुसरे काही उरले नसेल, तर चौथ्या मजल्यावरील गळती पाहावी. ती दोन पावसाळे तशीच आहे आणि तिच्यावर आपण एकदाही दंड लावलेला नाही.

घरमालकांनाही हेच सांगायचे आहे. आपण समितीला घाबरून मला 'जरा समजून घ्या' म्हणालात. करार आपला आणि माझा आहे, पाव टक्का मुद्रांक शुल्क भरून तो नोंदवलेला आहे, त्यात मुक्कामाला कोण येईल याविषयी एक ओळ नाही. समजून घ्यायचे असेल तर तो करार आपण घ्या, आणि समितीला वाचून दाखवा.

दंड मी भरणार नाही. पुढच्या शनिवारी पहाटे ते तिघे पुन्हा येणार आहेत. तोपर्यंत फलकावरचा तो कागद काढा आणि फाटक उघडे ठेवा.